महाद्वाराबाहेरचे मानकरी

आषाढ शुद्ध दशमी उजाडली की पंढरी क्षेत्रात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द असतो आणि तो म्हणजे ‘मान’. वाखरीहून मानाच्या पालख्या निघतात, त्यांचे पुढचे-मागचे क्रम ठरलेले असतात. रथापुढील दिंडी कितवी, वीणा कोणाच्या गळ्यात, पताका कोणाच्या खांद्यावर, हे सारे मानाचे प्रश्न. एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा होते, तेव्हा दर्शनरांगेत उभ्या असलेल्या एका दांपत्याला राज्याच्या मुख्यमंत्र्यांसमवेत पूजेला बसण्याचा लाभ होतो. त्यांनाही ‘मानाचे वारकरी’ असेच म्हणतात. ज्यांचा जन्म याच क्षेत्रात गेला, त्या आमच्यासारख्यांना या मानापानाचे नवल वाटत नाही. परंपरा आली की क्रम आला आणि क्रम आला की मान आलाच.

परंतु, भाविक वाचकहो, या नगरीला मानकऱ्यांची आणखी एक परंपरा आहे. त्या मानकऱ्यांची पालखी निघत नाही, त्यांना अबदागिरी नाही, की चोपदार नाहीत. त्यांतील एकाला आयुष्यभर महाद्वाराच्या बाहेर उभे राहावे लागले. एक जण महाद्वारापर्यंत येऊनही आत जाण्याचे टाळीत असे. एक जण तर मूर्तिपूजा न मानणाऱ्या समाजाचा होता. आणि एकाने, त्या द्वाराने सर्वांना आत घ्यावे म्हणून, ऐन वैशाखाच्या उन्हात अन्न वर्ज्य केले. या सर्वांनी दीनांची बाजू घेतली आणि ती बहुधा आपल्या पंढरीच्याच विरोधात घ्यावी लागली. आज एकादशीच्या पर्वकाळी त्यांचे स्मरण करावे, असे आमच्या मनात आहे.

नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात एखाद्या शब्दाचे वा वचनाचे निरूपण करतात. तेव्हा येथेही दोन शब्द पाहू. ‘दीन’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ क्षय पावणे, झिजणे असा आहे. दीन म्हणजे झिजलेला. तो मुळातच तसा जन्मला असे शब्द म्हणत नाही. त्याला कशाने तरी झिजवले आहे, एवढे शब्दातच आहे. दुसरा शब्द ‘दरिद्र’. धावणे या अर्थाच्या ‘द्रा’ धातूची पुनरुक्ती होऊन तो सिद्ध झाला, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक सांगतात. जो पोटासाठी इकडून तिकडे सारखा धावतो, ज्याला एका ठिकाणी टेकता येत नाही, तो दरिद्र. माणदेशातून आणि मराठवाड्यातून दरसाल ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या व्युत्पत्तीसाठी कोश उघडण्याची गरज नाही. दान देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर दरिद्र म्हणजे हात पसरून बसलेला. भाषेच्या दृष्टीने मात्र तो धावणारा, श्रम करणारा आहे. हा भेद लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पहिले नाव अर्थातच चोखोबांचे. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात त्यांची समाधी आहे आणि दर्शनाला जाणारा प्रत्येक जण तेथे माथा टेकवून पुढे जातो. चोखोबा मंगळवेढ्याचे. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, भगिनी निर्मळा आणि निर्मळेचे यजमान बंका या सर्वांची रचना आज आपल्या गाथेत आहे. एका घरातून इतकी वाणी उमटल्याची उदाहरणे फार थोडी. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, अशी परंपरा सांगते. म्हणजे ज्याला देऊळ बंद होते, त्याची वाणी लिहून ठेवण्यासाठी त्या काळीही कोणी तरी शास्त्राबाहेर पाऊल टाकले होते. त्या अनंतभट्टांचे गुणगान आम्ही पंडित मंडळी फारसे करीत नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

चोखोबांचा अंत कसा झाला, हे कथेत एका वाक्यात उरकले जाते. वास्तविक तेथेच थांबले पाहिजे. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. त्या कामावर वेठीने धरून आणलेल्या माणसांत चोखोबा होते. गावकूस कोसळले आणि तिच्याखाली अनेक मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबाही गेले. ज्या गावकुसाच्या आत त्यांना राहता येत नव्हते, ते गावकूस बांधतानाच त्यांचा देह पडला. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यातील अस्थींना त्यांनी कान लावला आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्या पंढरीस आणल्या, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिच्यातील नामाच्या महिम्याविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. आमचे लक्ष वेधते ते एवढेच, की संतश्रेष्ठाचे निर्वाण बांधकामावरील मजुराच्या मरणाने झाले आणि ढिगाऱ्यातल्या बाकीच्या अस्थी कोणाच्या होत्या, हे इतिहासाने लिहून ठेवले नाही.

मंगळवेढे पंढरपुरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. दुसरी कथाही तेथलीच, आणि ती तर आम्हा कीर्तनकारांची हक्काची. दामाजीपंतांचे आख्यान ज्याने लावले नाही, असा नारदीय कीर्तनकार विरळा. महिपतीबोवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथाने ते घरोघर नेले. दामाजी हे बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातील कारभारी. पंधराव्या शतकातील म्हणून परंपरेने मानलेला तो दुष्काळ. माणसे झाडांचा पाला खाऊ लागली होती. सरकारी धान्याच्या कोठारांना मात्र कुलपे. पंढरपुरचा एक ब्राह्मण दामाजींच्या पंगतीला बसला आणि पहिला घास घेताच रडू लागला. घरी बायकामुले उपाशी, हा अन्नाचा घास कसा गिळू? दामाजींनी त्याच्या घरी धान्य धाडले, ते वाटेत भुकेल्या लोकांनी लुटले. आणि मग एका घरापुरते पाहून भागत नाही हे उमगून दामाजींनी धन्याची कोठारे सर्वांसाठी उघडली. चहाडी बेदरला पोहोचली, धरून आणण्यास शिपाई निघाले. पुढचे ठाऊकच आहे: विठ्ठल स्वतः विठू महाराचे रूप घेऊन, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी अशा वेषात बेदरच्या दरबारात गेला, साऱ्या धान्याचे मोल मोजले आणि पावती घेऊन आला.

आख्यानाचा कळस विठू महाराच्या दरबारातील प्रवेशाला होतो. तेथे मृदंग चढतो, श्रोते डोळे पुसतात. आम्हांला मात्र वयाबरोबर असे वाटू लागले आहे, की खरा कळस त्याआधीच होऊन गेला. कुलूप काढणाऱ्या दामाजींना विठ्ठल पैसे भरणार आहे, हे ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते बेदरचे शासन. दुसऱ्याच्या मालकीचे, ज्याची राखण करण्यासाठी आपल्याला वेतन मिळते, ते धान्य भुकेल्यांना देणे हे पाप की पुण्य, असा प्रश्न एखाद्या धर्मसभेत टाकला असता, तर निर्णय होईपर्यंत निम्मे गाव मेले असते. दामाजींनी धर्मसभा बोलावली नाही.

आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात आम्ही हेच आख्यान लावले होते. कीर्तन संपले, अबीर-बुक्का झाला, तेव्हा परभणीकडील एका दिंडीतील एक वृद्ध माउली पायांशी वाकली आणि उठता उठता म्हणाली, “बुवा, देव म्हार झाला ते झालं. पण बेदराहून चालत आल्यावर त्याला मंगळवेढ्यात कुणी तांब्याभर पानी दिलं का?” आमच्या साथीदारांना हसू आले. आम्हांला आले नाही. दुसऱ्या दिवशीचे सारे निरूपण आम्ही त्या प्रश्नावर लावले, आणि पुढेही लावीत आहोत. शतकानुशतके या प्रदेशाने एक आख्यान डोळ्यांत पाणी आणून ऐकले, ज्यात प्रत्यक्ष परब्रह्माने महाराचे रूप धारण केले. आणि ते ऐकून घरी जाताना त्याच रूपाच्या माणसाची सावली अंगावर पडू नये म्हणून हेच श्रोते वाट सोडून चालले. कथा आणि वाट यांत असे अंतर पडले, की ते भरून काढायला कथा सांगणारे पुरत नाहीत, तेथे दुसरी माणसे लागतात.

अशा माणसांपैकी एक पंढरीस आले ते सरकारी नोकरीच्या निमित्ताने. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे त्यांचे नाव. गुजराथी गृहस्थ, पंढरपुरास न्यायाधीश, आणि प्रार्थनासमाजाच्या विचारांचे. १८६७ साली मुंबईस निघालेल्या या समाजाची मंडळी मूर्तिपूजा करीत नसत, तथापि तुकोबांचे अभंग त्यांच्या उपासनेत असत, हे सुज्ञांस ठाऊक आहे. लालशंकरांनी या गावात काय पाहिले असेल? तीर्थक्षेत्राची एक काळोखी बाजू असते, ती त्यांनी पाहिली. बालविधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, ज्यांना पुनर्विवाहाची वाट १८५६ च्या कायद्याने कागदावर खुली झाली होती पण घरात बंदच होती, अशा कोवळ्या वयाच्या स्त्रिया. त्यांच्यापैकी एखादीवर प्रसंग गुदरला की घरचे लोक तिला देवदर्शनाचे निमित्त करून दूरच्या क्षेत्री आणून सोडीत. क्षेत्रात कोणी कोणाला ओळखत नाही. जन्मलेल्या जिवाचे पुढे काय होई, हे सांगण्यास आमची लेखणी धजत नाही. चंद्रभागेचे वाळवंट ते जाणते.

न्यायाधीशापुढे असे प्रकरण आले तर त्याने काय करायचे, हे कायद्यात लिहिलेले होते. आरोपी ती आईच. लालशंकर न्यायासनावरून उतरल्यावर तेथेच थांबले नाहीत. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने पंढरपुरास बालहत्या प्रतिबंधक गृह उभे राहिले. ज्योतिराव फुले यांनी पुण्यात असे गृह १८६३ सालीच काढले होते. पंढरीसारख्या क्षेत्रात त्याची गरज किती होती, हे सांगणे नको. येथे येणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण निर्भयपणे व्हावे आणि मूल जगावे, एवढाच हेतू. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला, दख्खनमध्ये घरेच्या घरे ओस पडली आणि आईबाप गेलेली मुले रस्त्यावर आली. अनाथांचा सांभाळ हेही या संस्थेचे काम झाले. पुढे प्रार्थनासमाजाने ते चालविले. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ती संस्था पंढरपूरकरांच्या परिचयाची आहे.

विठोबाला आपण ‘अनाथांचा नाथ’ म्हणतो. संस्कृतात ‘नाथ’ म्हणजे ज्याच्याकडे साहाय्य मागावे तो. साहाय्य मागता येईल अशी एक जागा या गावात सिद्ध करणारा गृहस्थ देवळात जाऊन हात जोडीत होता की नव्हता, याची चौकशी त्या पाळण्यातील बालकांनी केली नसावी. आमच्या क्षेत्रातील किती घरांत लालशंकरांचे नाव आज ठाऊक आहे? आम्ही संस्कृताच्या वर्गातील मुलांना विचारून पाहिले, एकालाही सांगता आले नाही. एखाद्या संस्थानिकाने देवाला दिलेल्या दागिन्याचे वर्णन मात्र ती मुले बिनचूक करतात. यात मुलांचा दोष नाही. आपण जे सांगतो तेच त्यांना ठाऊक असणार.

गाडगेबाबांविषयी मात्र सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोईवर मडक्याचे खापर, हातात खराटा. पंढरपुरास यात्रेच्या दिवसांत ते येत, गर्दी देवळाकडे लोटत असे आणि बाबा वाळवंट झाडीत असत. रात्री त्यांचे कीर्तन. आम्हा शास्त्रोक्त कीर्तनकारांना ते कीर्तन पचणे अवघड होते: ना मंगलाचरण, ना श्लोक, नुसते प्रश्न. श्रोत्यांना विचारायचे आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करावा काय? पोराला शाळेत घालावे की नाही? आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी सांगत, की बाबांच्या कीर्तनाला बसलेला मनुष्य उठताना काही तरी कबूल करून उठे. आमच्या कीर्तनातून मनुष्य तृप्त होऊन उठतो. यांपैकी कोणते अधिक, हे वाचकांनी ठरवावे. आम्ही ठरवून ठेवले आहे.

पण येथे सांगायचे ते धर्मशाळेविषयी. पंढरीला येणाऱ्या वारकऱ्याला बिऱ्हाड मिळते, क्षेत्रोपाध्यांची घरे असतात, मठ असतात. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला यांतले काहीच नव्हते. शेकडो मैल चालत आलेली ती माणसे पावसात, उघड्यावर राहत. आषाढातला पाऊस कसा असतो, हे आम्हा येथल्यांना सांगायला नको. बाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले. पैसा लोकांकडून मागून आणला, आणि आपल्या किंवा आपल्या कुटुंबीयांच्या नावे त्यातील एक खोलीसुद्धा राहणार नाही अशी व्यवस्था केली. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्याची वास्तू विद्येच्या कामी आली. १९५६ च्या डिसेंबरात, सहा तारखेला बाबासाहेब गेले आणि वीस तारखेला बाबा गेले. गाडगेबाबांच्या जयंतीला हल्ली सर्वत्र खराटा हातात घेऊन छायाचित्रे काढली जातात. केर काढला जातो, ते चांगलेच. परंतु बाबांनी झाडले ते वाळवंट, आणि बांधली ती धर्मशाळा. या दोहोंपैकी पहिलेच काय ते उचलायचे आणि दुसरे विसरायचे, ही आमच्या मते सोयीची भक्ती आहे.

आता १९४७ साल. पांडुरंग सदाशिव साने; देवाचेच नाव धारण केलेला हा कोकणातील पालगडचा शिक्षक. स्वराज्य दाराशी आले आहे आणि पंढरीचे दार मात्र अस्पृश्यांना बंद आहे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. थोरांच्या आग्रहाने तो लांबवला आणि तेवढ्या अवधीत महाराष्ट्रभर दौरा काढला. वृद्ध सेनापती बापट त्यांच्यासमवेत होते, राष्ट्र सेवादलाची गाणारी मुले होती. त्या दौऱ्यात गावोगावच्या विहिरी आणि देवळे खुली झाली. पंढरीचे द्वार मात्र हलले नाही. १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले.

त्यांना या गावात बसायला जागा कोणी द्यायची, हाच आधी प्रश्न होता. क्षेत्रात रोष फार. त्यांना भीमेपार हाकलून द्या, अशा घोषणा आमच्या गल्ल्यांतून फिरत होत्या. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचे दार उघडले आणि गुरुजींचे उपोषण त्या मठात झाले. सारा प्रसंग सांगताना लोक गुरुजींपाशी थांबतात, ते योग्यच. आम्ही मात्र क्षणभर तनपुरे महाराजांपाशीही थांबू इच्छितो. गुरुजी उपोषण आटोपून जाणार होते. महाराजांना याच क्षेत्रात, याच शेजारात, याच फडांच्या व मठांच्या व्यवहारात राहायचे होते. बाहेरच्याने अन्याय दाखवणे एक, आणि गावातल्याने त्याला ओसरी देणे दुसरे. दुसऱ्याला जे सोसावे लागते, ते वर्तमानपत्रांत छापून येत नाही.

गांधीजींनाही प्रारंभी हे उपोषण रुचले नव्हते. दादासाहेब मावळणकर मध्यस्थीस आले, वाटाघाटी झाल्या, आणि मे महिन्याचे पहिले दहा-अकरा दिवस उलटतात तो मंदिर खुले करण्याचे मान्य होऊन उपोषण सुटले. त्याच साली मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. त्या सुमारास काही कर्मठ मंडळींनी मूर्तीतील देवत्व मंत्राने काढून घागरीत ठेवले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. शास्त्राचा विद्यार्थी म्हणून याविषयी दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. मूर्तीतील कला कुंभात आकर्षून घेण्याचा विधी आगमग्रंथांत आहे; परंतु तो देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी, काम चालू असताना देवाला तात्पुरते अन्यत्र ठेवण्यासाठी. भक्त येतात म्हणून देवाने निघून जावे, असा विधी आमच्या पाहण्यात कोठेही नाही. अठ्ठावीस युगे विटेवर उभा राहिला तो भक्तासाठीच, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी मंत्र म्हटले असतील, देवाने ते ऐकले असतील असे आम्हांला वाटत नाही. असो.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्यांनंतर या देवळात पुष्कळ घडले. १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. वंशपरंपरेने चालत आलेले बडवे-उत्पातांचे हक्क त्याने संपवले, आणि त्यावरील दीर्घ वाद २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींच्या व्यक्तींकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागविले. आमच्या परिचयातील काही वृद्धांना हे मनापासून आवडले नाही. त्यांच्याविषयीचा आदर न सोडता आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की रुक्मिणीमातेच्या पूजेला स्त्रीचा हात लागू नये, याला आधार कोणता दाखवाल? अद्याप कोणी दाखवलेला नाही.

हे सारे लिहिताना एका गोष्टीची रुखरुख राहते. वर सांगितलेली माणसे आता पूज्य झाली आहेत. त्यांच्या प्रतिमांना हार पडतात, चौकांना नावे मिळतात, जयंतीला भाषणे होतात. हार घालणाऱ्याला त्याबद्दल आज काहीच मोजावे लागत नाही. परंतु ती जिवंत असताना त्यांना ज्यांनी तांब्याभर पाणी दिले, ओसरी दिली, त्यांना मोजावे लागले होते. तेव्हा आज कोणाला ओसरी देताना आपल्याला मोजावे लागेल, हे शोधले की सन्मान कोणाचा करायचा ते आपोआप कळते.

आम्हांला फार शोधावे लागत नाही. द्वादशीचे पारणे करून यात्रा पांगू लागते, तेव्हा लाखो माणसांनी मागे ठेवलेले सारे उचलण्यासाठी वाळवंटात आणि गल्ल्यांत काही माणसे उतरतात. त्यांतील बरीचशी कोणत्या समाजातली, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. चोखोबा गेले त्याला पावणेसातशेहून अधिक वर्षे झाली, तरी क्षेत्राची घाण कोणी काढायची याची वाटणी पुष्कळशी तीच आहे. हाताने मैला उचलण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. वारीच्या दिवसांत शौचालये वाढली, नदीपलीकडे पासष्ट एकरांच्या तळावर दिंड्यांची सोय झाली, वाळवंट पूर्वीपेक्षा स्वच्छ राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि ज्यांनी ते घडविले त्यांना धन्यवाद देतो. परंतु त्या कामगारांच्या पायांत गमबूट आहेत काय, हातांत मोजे आहेत काय, त्यांतील रोजंदारीच्या माणसाला यात्रेची मजुरी वेळेवर पोचली काय, हे विचारणारी माणसेही गावात आहेत. ती निवेदने लिहितात, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात, आणि बहुधा त्यांना ‘सणाच्या दिवसांत कटकट करणारे’ म्हणून संबोधले जाते. त्यांची नावे आम्ही येथे छापीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि शाल-श्रीफळ तर नकोच म्हणतात. एकाने आम्हांला सांगितले, “महाराज, शालीऐवजी तुमच्या श्रोत्यांपैकी दोघे जण माझ्याबरोबर अर्ज द्यायला पाठवा.” पाठवले. एक निवृत्त शिक्षक आणि एक किराणा व्यापारी.

जे भाविक यंदा क्षेत्री येणार आहेत, त्यांना एक विनंती. रांगेतून दर्शन घ्याच. परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर सवड काढून तनपुरे महाराजांच्या मठात जा, बालकाश्रमाच्या दारावरून जा, चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा कोठे आहे ते विचारा. सोबत मुले असतील तर त्यांना घेऊन जा. वाटेत खराटा घेतलेला कोणी दिसला तर पाणी विचारा. हे तीर्थयात्रेच्या विधीत सांगितलेले नाही, हे आम्ही जाणतो. पण नगरप्रदक्षिणेच्या वाटेवर चार पावले अधिक चालण्यास कोणत्याही शास्त्राची मनाई नाही.

आमचे कीर्तन नेहमीप्रमाणे दशमीपासून पौर्णिमेच्या काल्यापर्यंत आहे. दशमीला चोखोबा, एकादशीला दामाजी, द्वादशीला गाडगेबाबा, त्रयोदशीला गुरुजी. चतुर्दशीच्या रात्री प्रथमच लालशंकरांचे आख्यान लावणार आहोत. पदे आम्हीच बांधली आहेत. आमचे पेटीवाले जुने, जाणकार. पण त्यांना एक अडचण पडली. प्रत्येक आख्यानात देव कोठे तरी प्रकट होतो आणि तेथे ते सूर चढवतात. या आख्यानात तो कोठे येतो, हे त्यांना सापडेना. पाळण्यापाशी, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.